बैठकीतल्या सायकली

कढईत पोहे परतत असताना फोन वाजला. इतक्या सकाळी माझ्याकडे येणारा फोन बहुधा चुकून लागलेला असतो, म्हणून गॅस बारीक करून मी सावकाश गेले. पलीकडे अन्नम्मा होती. "शालू... काकू गेल्या न वं. झोपेतच. मी चहा घेऊन गेली तं हात थंडगार." अन्नम्मा मूळची केरळची. नर्स म्हणून भिलाईला आली आणि काकूंच्या घरात वरच्या खोलीत जी राहिली ती आजपर्यंत. मराठी ती काकूंकडूनच शिकली, त्यामुळे फोनवर ऐकणाऱ्याला ती वर्ध्याकडच्या एखाद्या घरातली लेक वाटावी. मी नागपूरहून निघते म्हणाले, पण माझ्यासाठी थांबू नका असंही माझ्याच तोंडून निघालं. त्या मार्गावरच्या गाड्यांच्या वेळा मला पाठ आहेत. मी पोचले तेव्हा सगळे स्मशानातून परतून आंघोळीला लागले होते.

त्याला आता काही आठवडे झाले. सुभद्राबाई गोतमारे हे काकूंचं नाव वाचकांपैकी कुणी ऐकलेलं असण्याचं कारण नाही. त्यांनी संस्था काढली नाही, भाषण केलं नाही, कुठल्या मंडळाचं हळदीकुंकूसुद्धा त्या चुकवायच्या. आयुष्यात एकदाच त्या कोर्टाची पायरी चढल्या, आणि ती घरावरच्या एका मजल्यासाठी आणि गल्लीत उभ्या राहणाऱ्या आमच्या सायकलींसाठी. ते घर आणि तो मजला नसता तर मी, अन्नम्मा आणि आमच्यामागून आलेल्या कितीतरी जणी सामान बांधून आपापल्या गावी परत गेलो असतो. हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि आमच्यात लिहायची सवय मलाच आहे.

भिलाईचा पोलाद कारखाना तेव्हा उभा राहत होता. दुर्गहून भिलाईकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवसभर लाल मुरूम उडायचा. पांढरी साडी वाळत घातली की संध्याकाळी ती गुलाबी होऊन हातात यायची. लोखंड, सिमेंट, रशियन इंजिनियर, पंजाबी ठेकेदार, आंध्रातले गवंडी... रोज नवी माणसं उतरत होती, आणि क्वार्टर बांधून होण्याआधीच राहणारे दारात उभे असायचे. अशात मला टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली. माझे बाबा गोंदियाला रेल्वेत होते. मुलीनं नोकरी करावी हे त्यांना पटलं होतं, पण तिनं राहावं कुठे हे कळत नव्हतं. तेव्हा त्यांना गोतमारेकाकांची आठवण झाली. काका त्याच लाइनवर गार्ड होते, बाबांचे जिवलग. निवृत्तीआधीच त्यांनी दुर्ग-भिलाई रस्त्याला लागून एका नव्या वस्तीत प्लॉट घेऊन घर बांधलं, आणि त्या घरात पुरते दोन उन्हाळेही न काढता ते गेले. मूलबाळ नव्हतं. काकू एकट्याच राहत होत्या.

बाबा मला घेऊन गेले तेव्हा काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. बाबांनी भीत भीत विषय काढला, "वहिनी, महिनाभर ठेवता का पोरीले? तोवर काही सोय पाहतो." काकूंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "फोनवर काय बोलाव लागते वं तुले?" मी म्हणाले, नंबर विचारायचा आणि जोडून द्यायचा. "भांडाव नाई लागत?" मी नाही म्हणाले. "मंग राह्य. माह्या घरी भांडाले मीच पुरे हाये." त्या महिन्याची पुढे वर्षं झाली.

काकू प्रेमळ होत्या असं सरळ लिहिलं तर त्यांना ओळखणारे हसतील. त्यांची जीभ तिखट होती. विहिरीचं पाणी जास्त ओढलं, दिवा उगाच जळत ठेवला, ओला टॉवेल खाटेवर टाकला की दिवसभर ऐकून घ्यावं लागे. अन्नम्मा हॉस्पिटलच्या सामानाच्या खोलीत गाठोड्यावर डोकं ठेवून झोपते हे कळल्यावर मी तिला घरी आणलं, तेव्हा काकूंनी तिला जागा दिली खरी, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर तिचं पाण्याचं भांडंही वेगळं ठेवलं. ते भांडं पुढे काकूंना मलेरिया झाला त्या आठवड्यात नाहीसं झालं. अन्नम्माच्या हातची पेज पिऊन त्या उठल्या आणि त्या विषयावर पुन्हा कधी बोलल्या नाहीत. त्यानंतर आली शेफाली, कलकत्त्याकडची टायपिस्ट. तिला आल्या दिवशी आम्ही सांगितलं की यांना काकू म्हणायचं, तर ती तोंडात पदर कोंबून हसत सुटली. त्यांच्या भाषेत काकू म्हणजे बापाचा भाऊ! काकूंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बराबर हाये. या घरात माणूस बी मीच हावो."

सायकली आल्या त्या गरजेनं. भिलाईत कुठलीच गोष्ट कुठल्या गोष्टीजवळ नव्हती. सकाळची पाळी, दुपारची पाळी, रात्रीची पाळी, आणि रिक्षावाला मिळाला तर मिळाला. आधी मी जुनी सायकल घेतली, मग अन्नम्मानं, मग शेफालीनं. त्या गल्लीतच आम्ही शिकलो. मी नऊवारी नेसणाऱ्या आईची मुलगी, साडीचा काष्टा मारावा की पिन लावावी यातच माझा निम्मा जीव जायचा. काकू दारात उभ्या राहून ओरडत, "समोर पाह्य ना! चाकाकडे कावून पाहून राहिली? चाक कुठं पळून चाललं का?" त्या स्वतः कधी सायकलवर बसल्या नाहीत, पण शिकवलं त्यांनीच असं मी आजही म्हणते. घरात सायकली ठेवायला जागा नव्हती. त्या गल्लीत, घराच्या भिंतीला टेकून उभ्या असायच्या.

वर मजला चढवायचं काकूंच्या मनात कसं आलं ते मला ठाऊक आहे. एका संध्याकाळी अन्नम्मा तिच्या हॉस्पिटलातल्या दोघी नव्या मुलींना घेऊन आली. एक तर अगदी लहानखुरी होती, पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन आली होती. काकूंनी चहा दिला, आणि जागा नाही म्हणून सांगितलं. बैठक सोडली तर खरंच नव्हती, आम्ही तिघी एका खोलीत होतो. दुसऱ्या दिवशी कळलं की ती लहानखुरी सकाळच्या गाडीनं गावी निघून गेली, नोकरी सोडून. काकू ताटावर बसल्या होत्या. त्यांनी भात कालवला, तसाच ठेवला. "एका खाटेपायी नोकरी गेली वं तिची..." एवढंच म्हणाल्या. आठवड्याभरात त्यांनी नकाशा काढून घेतला. वर रांगेनं खोल्या, समोर गच्ची. काकांच्या मागे जे काही त्यांच्या हाती आलं होतं ते त्यात घालायचं ठरवलं.

नव्या बांधकामांना परवानगी द्यायला तेव्हा वस्तीची एक समिती होती. लोक तिला नुसतं 'कमेटी' म्हणत. कमेटीनं नकाशा मंजूर केला, शिक्का मारला, काम सुरू झालं. वरच्या भिंती खिडकीच्या उंचीपर्यंत आल्या असतील, तोच एक दिवस कमेटीचा शिपाई कागद घेऊन आला. परवानगी रद्द. कारण असं की, या घरात भाडेकरू ठेवले जाणार असून त्यांच्या गाड्या उभ्या करायला प्लॉटमध्ये जागा नाही, त्यामुळे सार्वजनिक रस्ता अडतो. मी तो कागद वाचून दाखवला तेव्हा काकूंनी गल्लीकडे बोट केलं. तिथे शेजारच्या ठेकेदाराचे दोन ट्रक उभे होते. कारखान्याला गिट्टी, म्हणजे खडी, पुरवायचा त्यांचा धंदा होता, आणि काम नसेल तेव्हा ट्रक आमच्याच दारासमोर असायचे, इतके चिकटून की सायकल हातात धरून तिरकं चालावं लागे. तक्रार त्यांनीच केली होती. खरं कारण वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. एकट्या राहणाऱ्या, रात्रीच्या पाळीवरून पहाटे येणाऱ्या, निरनिराळ्या जातीधर्माच्या मुली त्यांना शेजारी नको होत्या. पण असं कागदावर लिहिता येत नाही, सायकली लिहिता येतात.

काकू मला घेऊन कमेटीच्या कचेरीत गेल्या. तिथल्या साहेबांना त्यांनी एकच गोष्ट विचारली, "तुमी मंजूर केलं, तुमीच मोडलं. मले एकदा बोलावून विचारलं कावून नाई?" साहेब फाइलमधून मान वर न करता म्हणाले, "देखिए माताजी, घर चलाना है तो घर चलाइए, धर्मशाला मत खोलिए." मला वाटलं आता काकूंची जीभ सुटणार. त्यांनी टेबलावरचा आपला कागद उचलला. बाहेर येऊन चप्पल घालताना म्हणाल्या, "शालू, दुर्गात वकील कुठं बसतात वं?"

दुर्गला जुनी मराठी घरं बरीच होती. त्यांच्यापैकीच एक डबीरवकील, उंच, किरकोळ, सतत खोकणारे. त्यांनी कागद पाहिले आणि सांगितलं, "बाई, तुमचं म्हणणं न विचारता परवानगी काढून घेतली, हा मुद्दा भक्कम आहे. पण रस्ता अडतो हाही मुद्दा त्यांच्याकडे आहेच. एक सुचवू? नकाशात खोल्यांऐवजी गच्ची दाखवा, भाडेकरू नाहीत म्हणून लिहून द्या. कमेटी उद्या परवानगी देईल. मग मागाहून खोल्या घाला, कोण बघतं!" काकू म्हणाल्या, "म्हणजे माह्या घरात पोरी राहतात हे मी लपवाचं. त्याईनं काय चोरी केली का?" डबीर हसले आणि त्यांनी वकीलपत्र पुढे सरकवलं.

खटला चालला तेवढा काळ काम बंद होतं. अर्ध्या भिंती उघड्यावर उभ्या, वर गवत उगवलं. येणारेजाणारे विचारत, "काय गोतमारेबाई, किल्ला बांधून राहिल्या का?" काकूंचे धाकटे भाऊ माधवराव नागपूरहून येऊन समजावून गेले. या वयात कोर्टकचेरी कशाला, घर विकून माझ्याकडे चल, असं त्यांचं म्हणणं. काकूंनी त्यांना पोटभर जेवू घातलं आणि स्टेशनवर पोचवून आल्या. तारखेच्या दिवशी त्या इरकल नेसून, डबा घेऊन निघत. आमच्यापैकी जिची कामाची पाळी नसेल ती सोबत जाई.

त्यांची साक्ष झाली त्या दिवशी मी होते. समोरच्या वकिलांनी त्यांना गोल गोल फिरवत नेमक्या जागी आणलं. या मुली रात्री-बेरात्री घरी येतात हे खरं का? काकू म्हणाल्या, खरं. कशासाठी बाहेर असतात याची तुम्ही चौकशी करता का? कोर्टात काही लोक हसले. माझे कान तापले. काकूंनी कठड्यावरचा हात काढला आणि त्या वकिलांऐवजी न्यायाधीशांकडे वळल्या. "साहेब, यांच्या घरी रात्री कोनाच्या पोटात दुखलं तं ते हॉस्पिटलात जातात न? तिथं अन्नम्मा असते. तिथून घरी फोन करतात न? तो फोन ही शालू जोडून देते. आता रात्री या दोघी घरी झोपल्या पायजेत, असं यांचं मन्नं असन तं मी सांगते त्याईले." हसणारे हसायचे थांबले. न्यायाधीशांनी वकिलांना सांगितलं, रस्त्याबद्दल विचारा.

मग जागेची पाहणी ठरली. कोर्टानं एका वकिलाला कमिशनर नेमलं, तो येऊन गल्ली मोजणार होता. आदल्या संध्याकाळी ठेकेदारांनी ट्रक कुठेतरी नेऊन ठेवले. गल्ली अशी मोकळी आम्ही कधी पाहिली नव्हती. डबीरांचा निरोप आला की तुम्हीही सायकली ओळखीच्या कुणाकडे ठेवा, म्हणजे प्रश्नच मिटेल. शेफालीनं सायकल काढलीसुद्धा. काकूंनी तिला दारातच अडवलं. "ठेव तिथंच. रोज जिथं राहते तिथंच राहीन." आम्ही सगळ्यांनी विनवलं. मी तर चिडून म्हणाले, "काकू, ते खोटं करून राहिले आणि आपणच खरं कावून करायचं?" त्या म्हणाल्या, "कोर्टात शपथ त्याईनं नाई घेतली, मी घेतली." सकाळी कमिशनर आला तेव्हा सायकली भिंतीला टेकून ओळीनं उभ्या होत्या. त्यानं टेप धरून मोजमाप घेतलं. सायकलींच्या पुढून एखादी बैलगाडी जेमतेम जाईल इतकीच वाट उरत होती, आणि ते त्यानं लिहिलं. पण तो परत फिरताना त्याचा पाय घसरला. खाली पाहतो तर मुरमावर इंजिन ऑइलचा थर आणि ट्रकच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या. तो बराच वेळ वाकून पाहत राहिला. हे काय आहे, असं त्यानं ठेकेदारांना विचारलं. ठेकेदार म्हणाले, "कभी-कभार आ जाता है, साहब." तेही त्यानं लिहिलं.

निकाल लागला त्या दिवशी माधवराव मुद्दाम आले होते. न्यायाधीशांनी वाचून दाखवलं आणि डबीरांनी बाहेर वडाखाली आम्हाला समजावून सांगितलं. घरमालकिणीला न विचारता परवानगी रद्द करणं चूक, ती परवानगी कायम. भाडेकरू कोण असावेत हे ठरवणं कमेटीचं काम नाही. मात्र रस्ता सगळ्यांचा आहे, त्यावर ना ट्रक उभे राहतील ना सायकली. भाडेकरूंची वाहनं उभी करायची सोय मालकिणीनं स्वतःच्या हद्दीत, रस्त्यावरून सरळ आत नेता येतील अशी करावी, आणि ती केल्यावरच वरच्या खोल्या वापराव्यात. काकू ऐकत होत्या. "मंग वकीलसाहेब, आपण जिकलो का हरलो?" डबीर खोकले. "अर्धं अर्धं म्हणा. अपील करू शकतो. वेळ लागेल, पण करू शकतो." काकूंनी विचारलं, किती वेळ? डबीर कागद गुंडाळू लागले.

घरी येऊन काकू हातपाय न धुता घरभर फिरल्या. मागच्या अंगाला विहीर आणि न्हाणी, तिथे जायला रस्त्यावरून वाट नाही. एका बाजूला ठेकेदारांची भिंत, दुसऱ्या बाजूला सायकलही शिरणार नाही असा बोळ. रस्त्याला लागून एकच जागा होती, बैठक. ती त्या घरातली सगळ्यात मोठी आणि देखणी खोली. फरशी गुळगुळीत, खिडकीला रंगीत काच, काकांची आरामखुर्ची, आणि याच खोलीत काकांना शेवटचं ठेवलं होतं. काकू मधोमध उभ्या राहिल्या. आधी माधवरावांच्याच लक्षात आलं. "ताई, वेड लागलं का तुले? भाऊजींची बैठक तोडतं का सायकलीसाठी? काय म्हणतील ते?" काकू म्हणाल्या, "त्याईले मी सांगून देईन. तू नको काळजी करू." माधवराव न जेवता स्टेशनवर गेले. त्यानंतर त्यांचं येणं पुष्कळ दिवस बंद झालं, आणि काकूंनाही ते लागलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मिस्त्रीला बोलावणं धाडलं.

भिंत पाडायची होती त्या दिवशी माझी सुट्टी होती. मिस्त्री आला, हत्यारं ठेवली. काकूंनी देव, फोटो आणि खुर्ची आधीच आत नेली होती. मला वाटलं होतं त्या उभं राहून काम करवून घेतील. त्या पदर खोचून आल्या आणि म्हणाल्या, "चाल शालू, बाहेर जाऊ. मी इथं राहिली तं थांबवीन त्याले." आम्ही रिक्षा करून मरोद्याला गेलो. तिकडे तलावाचं काम चाललं होतं, मातीच्या मोठ्या बांधावर बायका टोपल्या वाहत होत्या, पाणी अजून थोडंच होतं. एका बाभळीखाली बसून आम्ही पोळी-भाजी खाल्ली. मग काकू आपणहून बोलल्या.

"माधवाले वाटते, बैठक त्याईची होती. त्याईले कायची बैठक! ते मनत होते, खोल्या जास्त काढू, बैठक कोनाले पायजे. मीच हट्ट धरला. लग्न झालं तवापासून रेल्वेच्या क्वार्टरात राहिली, एक खोली अन् एक चूल. पाहुणा आला का खाटेवर बसवा, अन् मी दाराआड उभी. तवा मनाशी ठरवलं होतं, आपल्या घराले बैठक असन. मोठी. त्यात मी बी बसन... पायावर पाय घेऊन."

मी म्हणाले, "काकू, अजून मिस्त्रीला थांबवता येईल. अपील करू." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "अन् तवरोक कितीजणी ट्रंक डोक्यावर घेऊन वापस जातीन? घेतला एकदा नकाशा मनात, आता वर जायाचं. बैठकीत बसाले येते कोण माह्याकडे? तुमीच येता न. मंग तुमी आत, सायकली बी आत." एवढं म्हणून त्यांनी डोळे पुसले, आणि लगेच माझ्यावर खेकसल्या की वाढलेली भाजी टाकली का म्हणून.

ऊन उतरल्यावर आम्ही परतलो. रस्त्याकडची भिंत निम्मी खाली आली होती आणि संध्याकाळचा उजेड थेट आतल्या दारापर्यंत पोचला होता. रंगीत काच मिस्त्रीनं नीट काढून बाजूला ठेवली होती. काकूंनी पदरानं नाक झाकलं, विटांवरून पाय टाकत आत गेल्या, उघड्या पडलेल्या खोलीत उभ्या राहून इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हवा मस्त येऊन राहिली वं." महिनाभरात तिथे रुंद फाटक बसलं, फरशीवर उतार झाला, मजला पुरा झाला, कमेटीचा माणूस येऊन पाहून गेला. वरच्या खोल्यांत नर्सा, शाळामास्तरणी, टायपिस्ट येत गेल्या. काकांची खुर्ची गच्चीवर गेली. केस वाळवायला आम्ही तिच्यावरून भांडायचो.

ठेकेदारांना ट्रक वस्तीबाहेर ठेवावे लागले. त्यांच्याशी काकूंचं नंतर जमलं, असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. शेजारीशेजारी घरं असून ते दोघं शेवटपर्यंत बोलले नाहीत. त्यांची बायको मात्र दर उन्हाळ्यात नवऱ्याची पाठ वळली की भिंतीवरून लोणच्याची बरणी द्यायची, आणि काकू ती घ्यायच्या. माधवराव चारेक वर्षांनी मुलीला घेऊन आले. तिला भिलाईत शिक्षिकेची नोकरी लागली होती, आणि जागा हवी होती. काकूंनी त्यांना काही ऐकवलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर ऐकवलं असतं.

माझं लग्न झालं, आम्हाला सेक्टर दहामध्ये क्वार्टर मिळालं, पुढे नवऱ्याची निवृत्ती झाल्यावर आम्ही नागपूरला आलो. काकूंकडे जाणं कमी होत गेलं तरी तुटलं नाही. त्या थकल्या, वाकल्या, कमी ऐकू लागल्या. सायकली गेल्या, लुना आल्या, मग स्कूटी. राहणाऱ्या मुली आता नोकरीच्या कमी आणि परीक्षांची तयारी करणाऱ्या जास्त. काकूंनी स्वतःची खाट मात्र फाटकाच्या खोलीलगत आतल्या दाराशी घातली होती आणि ती तिथून हलवू दिली नाही. अन्नम्मा किती वेळा म्हणाली, धूर येते, पेट्रोलचा वास येते, वरच्या खोलीत चला. त्या ऐकत नसत.

तेराव्याला मी तिथे होते. पाहुणे पांगल्यावर दिवेलागणीच्या वेळी मी आणि अन्नम्मा काकूंच्या खाटेवर टेकलो. मुली एकेक करून येत होत्या. "नमस्ते आंटी" म्हणत, गाडी आत घेऊन भिंतीशी लावत आणि जिना चढून जात. प्रत्येकीची जागा ठरलेली दिसत होती. अंधारून आलं तसं मी फाटक लावायला उठले. एक मुलगी जिन्यावरून घाईनं खाली आली. "आंटी, अभी मत लगाइए. वो प्रीती की जगह है, खाली है. वो आई नहीं." भिंतीशी दोन गाड्यांच्या मध्ये एका गाडीपुरती जागा रिकामी होती. मी विचारलं, असा नियम कुणी केला? मुलगी गोंधळली. "नियम नहीं है. काकू सोती ही नहीं थी ना, जब तक सब गाड़ी अंदर नहीं आती."

अन्नम्मा म्हणाली, "बस वं शालू." मी पुन्हा खाटेवर बसले. फाटक सताड उघडं होतं, गल्लीतून हवा येत होती. आम्ही दोघी त्या रिकाम्या जागेकडे पाहत प्रीती यायची वाट बघत बसलो.